जळालेल्या दप्तराचे वारस

१८ एप्रिल १९२६ रोजी, रविवारी, आयरिश फ्री स्टेट या नव्याने स्वतंत्र झालेल्या राज्याने आपली पहिली शिरगणती केली. माणसे भरली २९ लाख ७१ हजार ९९२. घरोघरी भरून घेतलेले तक्ते शंभर वर्षे कोणालाही दाखवायचे नाहीत, असा तिथला कायदा आहे. त्या हिशेबाने १८ एप्रिल २०२६ ही ते दप्तर खुले होण्याची तारीख. जुन्या शिरगणतीचे कागद बाहेर येणे ही एरवी चार अभ्यासकांच्या आनंदाची गोष्ट. आयर्लंडमध्ये मात्र ती राष्ट्रीय घटना समजली जाते, आणि तिची वाट बोस्टन, शिकागो, लिव्हरपूल आणि मेलबर्नमध्येही पाहिली जाते.

जगभर आयरिश वंशाचे सात कोटी लोक आहेत, असे आयरिश राजकारणी भाषणात नेहमी सांगतात. हा आकडा सढळ हाताने काढलेला आहे. परंतु एकट्या अमेरिकेत तीन कोटींहून अधिक लोक आपले मूळ आयरिश असल्याचे जनगणनेत लिहून देतात, हे खरे आहे. आयर्लंड प्रजासत्ताकाची स्वतःची लोकसंख्या २०२२ च्या गणनेत ५१ लाख ४९ हजार होती. म्हणजे ज्या देशाच्या दप्तराचे वारस देशात कमी आणि देशाबाहेर कितीतरी अधिक, असा हा देश आहे. या वारसांसाठी गेल्या पंधरा-वीस वर्षांत आयरिश सरकारने जेवढी जुनी कागदपत्रे फुकट आणि घरबसल्या उपलब्ध करून दिली, तेवढी फार थोड्या देशांनी दिली असतील. हे औदार्य कौतुकास्पद आहे यात शंका नाही. प्रश्न आहे तो हे औदार्य कोणाच्या वाट्याला आले आणि कोणाच्या आले नाही, याचा.

त्यासाठी आधी हे दप्तर जळाले कसे आणि उरले कसे, ते पाहावे लागते.

ब्रिटनशी झालेल्या तहावरून आयरिश क्रांतिकारकांत १९२२ मध्ये उभी फूट पडली. तह न मानणाऱ्या गटाने एप्रिलमध्ये डब्लिनमधील फोर कोर्ट्स ही न्यायालयांची इमारत ताब्यात घेतली. तिच्याच आवारात पब्लिक रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे देशाचा मध्यवर्ती दप्तरखाना होता. सैनिकांनी तिथे दारूगोळा साठवला. २८ जूनला मायकेल कॉलिन्स यांच्या हंगामी सरकारने ब्रिटिशांकडून उसन्या घेतलेल्या तोफांनी मारा सुरू केला आणि ३० जूनला दप्तरखान्यात प्रचंड स्फोट झाला. सात शतकांचे कागद गेले. जळके कपटे शहरभर उडत राहिले. हे कृत्य मुद्दाम झाले की अपघाताने, यावर आयरिश इतिहासकार अजून भांडतात. दप्तरखान्यातील हर्बर्ट वुड या अधिकाऱ्याने १९१९ मध्ये, आपल्याकडे काय काय आहे याची सविस्तर मार्गदर्शिका छापली होती. तीन वर्षांनी तीच, काय काय गेले याची यादी ठरली.

‘शिरगणतीचे सगळे कागद १९२२ च्या आगीत गेले,’ असे वाक्य आयरिश घरांतून सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये १८२१ पासून दर दहा वर्षांनी, अशा आठ शिरगणत्या झाल्या. त्यांपैकी पहिल्या चारांचे तक्ते, काही तुकडे वगळता, या आगीत जळाले. उरलेल्या चारांना आगीची गरजच पडली नाही. १८६१ आणि १८७१ चे तक्ते आकडेवारी काढून झाल्यावर सरकारी आदेशानेच नष्ट करण्यात आले. १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत जाऊन त्यांचा लगदा झाला. चार बंदुकीच्या दारूने गेल्या, चार कारकुनी शिक्क्याने. बंडखोरांना शिव्या घालणे सोपे असते. फायलीवर ‘आवश्यकता नाही’ असा शेरा मारणाऱ्याचे नाव कोणाला आठवत नाही. १९०१ आणि १९११ चे तक्ते वाचले, कारण ते अजून त्या सुरक्षित दप्तरखान्यात पोहोचलेच नव्हते.

पॅरिशच्या नोंदवह्यांची कथा याहून विलक्षण आहे. पॅरिशची वही म्हणजे काय, हे वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की प्रत्येक चर्चच्या हद्दीतील बाप्तिस्मे आणि विवाह धर्मगुरू एका वहीत लिहून ठेवतो. आयर्लंडमध्ये बहुसंख्य प्रजा कॅथलिक, पण सरकारमान्य चर्च मात्र प्रॉटेस्टंट, अशी स्थिती १८७१ पर्यंत होती. ‘चर्च ऑफ आयर्लंड’ या सरकारमान्य पंथाच्या वह्या १८७० च्या दशकातील कायद्याने सरकारी दस्तऐवज ठरल्या. ज्या पाद्र्यांकडे त्या ठेवायला भक्कम जागा नव्हती, त्यांनी त्या डब्लिनला धाडाव्यात असा हुकूम निघाला. सुमारे हजार पॅरिशांच्या वह्या अशा ‘सुरक्षित’ स्थळी गेल्या आणि १९२२ मध्ये राख झाल्या. कॅथलिक चर्च सरकारच्या लेखी कोणीच नव्हते. त्यांच्या वह्या मागण्याइतके महत्त्वही त्यांना कोणी दिले नाही. त्या खेड्यापाड्यांतील धर्मगुरूंच्या कपाटांत ओल आणि उंदरांच्या सोबतीने पडून राहिल्या, म्हणून वाचल्या. गरीब कॅथलिक कुळांच्या वंशजांना आज पूर्वज सापडतात आणि त्यांच्या प्रॉटेस्टंट जमीनदारांपैकी कित्येकांच्या वंशजांना सापडत नाहीत, ही इतिहासाने केलेली थट्टाच म्हणायची.

या कॅथलिक वह्यांची सूक्ष्मचित्रे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विसाव्या शतकाच्या मध्यास घेतली आणि जुलै २०१५ मध्ये, एक हजाराहून अधिक पॅरिशांची, पावणेचार लाखांच्या आसपास पाने संगणकावर सर्वांसाठी खुली केली. १९०१ आणि १९११ च्या शिरगणतीचे तक्ते राष्ट्रीय अभिलेखागाराने त्याआधीच, २००७ ते २०१० या काळात, नावानिशी शोधता येतील असे मांडले होते. त्यांत घरमालकाने स्वतःच्या हाताने भरलेले मूळ कागद दिसतात. घरात कोण कोण, कोणाचे वय काय, लिहितावाचता येते का, आयरिश भाषा येते का. आणि १९११ च्या तक्त्यात विवाहित स्त्रीला आणखी दोन प्रश्न आहेत: मुले किती झाली आणि त्यांपैकी हयात किती. ‘अकरा’ आणि ‘सहा’ असे दोन आकडे शेजारीशेजारी पाहिले की पुढे फार वाचवत नाही.

तरीही शोध सोपा नाही. आयरिश पूर्वज शोधणाऱ्या अमेरिकन माणसाची पहिली अडचण आडनावाची असते. मर्फी हे आयर्लंडमधील सर्वांत अधिक आढळणारे आडनाव. केली, सलिव्हन, वॉल्श यांचीही गर्दी तशीच. या आडनावावरून माणूस कोणत्या खेड्यातला, ते काही कळत नाही. देशात साठ हजारांहून अधिक ‘टाउनलँड’ आहेत. टाउनलँड म्हणजे गावाहूनही लहान असा शिवाराचा तुकडा, आणि हे नाव हाती लागेपर्यंत सगळा शोध अंधारात चालतो. दुसऱ्या टोकाला आपल्याकडची आडनावे पाहा. आयर्लंडचे दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे आडनावच मालवण तालुक्यातील वराड गावाचा पत्ता सांगते. त्यांचे वडील मुंबईचे डॉक्टर, आई वॉटरफर्ड परगण्यातील डंगार्वनची परिचारिका. पंतप्रधान असताना डिसेंबर २०१९ मध्ये ते आपल्या कुटुंबासह वराडला येऊन गेले, तेव्हा गाव शोधायला त्यांना कोणत्याही दप्तराची गरज पडली नाही.

दुसरी अडचण नावांची. घरात आयरिश बोलली जाई, धर्मगुरू लॅटिनमध्ये लिही आणि सरकारी कारकून इंग्रजीत. त्यामुळे घरातला ओअन वहीत युजेनिअस होतो, शिरगणतीत ओवेन किंवा युजीन, आणि बोस्टनला उतरल्यावर जीन. डिअरमिड याचे इंग्रजीकरण जेरेमाया असे का झाले, याला उच्चारातले किंचित साम्य सोडले तर काहीच कारण नाही; पण झाले खरे. त्यातच थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव आणि धाकट्याला आईच्या वडिलांचे, अशी रीत असल्याने पाच भावांच्या घरी एकाच नावाचे पाच चुलतभाऊ निपजतात. या गुंत्यातून वाट दाखवतात त्या बायका. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाबरोबर आईचे माहेरचे नाव असते आणि धर्ममाता-धर्मपिता म्हणून बहुधा मावशी, आत्या, मामा यांची नावे असतात. आई कोणत्या घरची, हे कळले की मग पाच पॅट्रिकांपैकी आपला कोणता ते ठरवता येते. ज्या वंशावळींत स्त्रिया फक्त ‘पत्नी’ एवढ्या शब्दापुरत्या उरतात, त्या वाचण्याची सवय असलेल्या आपल्याला ही गोष्ट विशेष जाणवावी.

वयाचे तर विचारायलाच नको. १९०१ मध्ये ५६ वर्षांचा असलेला शेतकरी १९११ मध्ये ७२ वर्षांचा झालेला या तक्त्यांत हमखास भेटतो. याचे कारण वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा कायदा. १९०८ च्या या कायद्याने जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झाले. आयर्लंडमध्ये जन्माची सक्तीची सरकारी नोंद १८६४ पासूनची, त्यामुळे सत्तरीच्या माणसाकडे दाखला कुठून येणार? मग पुरावा म्हणून लोक ६ जानेवारी १८३९ च्या ‘महावादळाच्या रात्री’ची आठवण सांगू लागले. त्या रात्री आपण पाळण्यात नव्हतो, चालते-बोलते होतो, असे सांगणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. सरकारने उपाय काढला: अर्जदाराने आईबापांची नावे आणि टाउनलँड लिहून द्यावा, कारकुनाने १८४१ किंवा १८५१ च्या तक्त्यात ते घर शोधावे आणि सापडलेले फॉर्मवर उतरवून घ्यावे. पुढे मूळ तक्ते जळाले; हे फॉर्म राहिले. पेन्शनसाठी दारोदार फिरलेल्या म्हाताऱ्यांच्या अर्जांमुळे हजारो बुडालेल्या कुटुंबांची नावे आज ठाऊक आहेत. ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जून २०२२ मध्ये, आगीच्या शताब्दीला, जळालेल्या दप्तरखान्याची संगणकीय प्रतिकृती खुली झाली. तिथे जगभरच्या ग्रंथालयांतून अशाच नकला, उतारे आणि टिपणे गोळा करून भरली जात आहेत.

एक पोकळी मात्र कशानेही भरत नाही. १८४५ ते १८५२ च्या बटाटा-दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ मधील ८१ लाख ७५ हजारांची लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजारांवर आली. १८५१ च्या तक्त्यात एक वेगळा रकाना होता: मागच्या शिरगणतीनंतर या घरात कोण कोण वारले, त्यांची नावे, वये आणि मृत्यूचे कारण. ऑस्कर वाइल्डचे वडील, डॉ. विल्यम वाइल्ड, यांनी त्यावरून मृत्यूंचे सविस्तर कोष्टक तयार केले. कोष्टक छापले गेले म्हणून उरले. नावे असलेले तक्ते १९२२ मध्ये गेले. ज्या घरांत फॉर्म भरायलाच कोणी उरले नव्हते, ती घरे त्या तक्त्यांतही नव्हती. बहुतेक कॅथलिक पॅरिशांत दफनांची नोंद ठेवण्याचा प्रघात नव्हता, आणि पश्चिमेकडील ज्या गरीब भागांत दुष्काळाचा घाला सर्वांत जबर होता, तिथल्या अनेक वह्या सुरू झाल्या त्याच मुळी उशिरा. राहता राहिली १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेली ‘ग्रिफिथची मोजणी’, म्हणजे करआकारणीसाठी केलेली जमीनधारकांची यादी. ती दुष्काळातून वाचलेल्यांची यादी आहे, मेलेल्यांची नव्हे. तेव्हा आज अमेरिकेत जो वंशवृक्ष भिंतीवर लावला जातो, तो नियमाने जगलेल्यांचाच असतो.

या शोधाचा एक धागा आपल्याकडेही येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. दुष्काळात ज्याला बोटीचे भाडे परवडत नसे, त्याला सैन्यभरतीचा मार्ग मोकळा होता. मुंबई इलाख्यातील छावण्यांत या शिपायांची लग्ने झाली, मुले झाली, पटकीने माणसे दगावली आणि तिथल्याच दफनभूमीत पुरली गेली. इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवण्याची पद्धत होती. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत, मुंबई इलाख्याच्या वेगळ्या मालिकेत आहेत. कंपनीच्या मुंबईच्या गोऱ्या पलटणीतून घडलेली रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स ही पलटण १८८१ च्या फेररचनेत रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुण्याच्या छावणीत बाप्तिस्मा झालेल्या आयरिश शिपायाच्या मुलाची नोंद, डब्लिनला प्रॉटेस्टंट चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या त्याच्या चुलतभावाच्या नोंदीपेक्षा अधिक खात्रीने सापडण्याचा संभव आहे. साम्राज्याच्या दप्तरात नकला दोन-दोन होत्या.

हे झाले शोधाचे तंत्र. त्याचे राजकारण आयरिश सरकारला फार लवकर उमगले. १९६३ मध्ये जॉन केनेडी वेक्सफर्डमधील पूर्वजांच्या घरी चहा पिऊन गेले, तेव्हापासून अमेरिकन अध्यक्षाचा पूर्वज शोधणे हा आयरिश परराष्ट्रनीतीचा अनधिकृत विभाग झाला आहे. १९८४ मध्ये रेगन टिपररीतील बॅलिपोरीनला आले. ओबामांच्या आईकडील खापरपणजीचे वडील, फॅल्मथ कर्नी, मनीगॉलच्या चांभाराचे पुत्र होते आणि १८५० मध्ये अमेरिकेस गेले, हे तिथल्या पाद्र्याने २००७ मध्ये चर्चच्या जुन्या वह्यांतून काढले. ती वही सुदैवाने डब्लिनला गेली नव्हती. २०११ च्या मे महिन्यात ओबामा मनीगॉलला आले. आज तिथे हमरस्त्यावर त्यांच्या नावाचा पेट्रोलपंप आणि उपाहारगृह आहे. बायडन तर २०२३ मध्ये मेयो आणि लाउथ या दोन परगण्यांतील पूर्वजभूमी पाहून गेले. अवघ्या पन्नास-एक लाखांच्या देशाच्या पंतप्रधानाला दर सेंट पॅट्रिक दिनाच्या सुमारास व्हाइट हाउसमध्ये मानाचे स्थान मिळते, त्यामागे ही वंशावळींची पुण्याई आहे.

यात हास्यास्पद प्रकारही झाले. सरकारने २०११ मध्ये आयरिश वंशाचे शोभेचे प्रमाणपत्र विक्रीस काढले. चार वर्षांत तीन हजारही गेले नाहीत आणि २०१५ मध्ये योजना गुंडाळली. लोकांना शोभेचा कागद नको होता. पुढच्याच वर्षी त्यांना कामाचा कागद हवासा वाटू लागला. २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि इंग्लंडमधल्या लाखो लोकांना आपली आजी कॉर्कची किंवा बेलफास्टची असल्याचे आठवले. आयरिश कायद्यानुसार आजी-आजोबांपैकी एक जण आयर्लंडच्या बेटावर जन्मलेला असला, की नातवाला परदेशी जन्मनोंदवहीत नाव घालून नागरिक होता येते. त्याने आयर्लंडचा किनाराही पाहिलेला नसला तरी चालते. पणतूचे प्रकरण अधिक गमतीचे: त्याच्या जन्माआधी त्याच्या बापाने किंवा आईने नाव नोंदवले असेल तर तो आयरिश, जन्मानंतर नोंदवले असेल तर नाही. वंशावळ हा छंद राहिलेला नाही. त्याला पासपोर्टची किंमत आली आहे.

या चित्राची दुसरी बाजू ११ जून २००४ ची. तोपर्यंत आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेले प्रत्येक मूल जन्मतः नागरिक होत असे. निर्वासित आणि स्थलांतरित बायका केवळ त्यासाठी बाळंतपणाला येतात अशी ओरड झाली, सार्वमत घेतले गेले आणि ७९ टक्के मतदारांनी तो हक्क काढून घेतला. २००५ पासून परदेशी आईबापांचे मूल डब्लिनला जन्मले तरी, आईबापांपैकी एकाचे आधीच्या चार वर्षांतील तीन वर्षांचे वैध वास्तव्य सिद्ध झाल्याशिवाय ते नागरिक ठरत नाही. म्हणजे बोस्टनच्या तरुणाला शंभर वर्षांपूर्वी केरीत जन्मलेल्या आजीचा दाखला पुरतो; आणि डब्लिनच्या इस्पितळात जन्मून डब्लिनच्याच शाळेत जाणाऱ्या मुलीला तिचा स्वतःचा जन्मदाखला पुरत नाही. दोन्ही तरतुदी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतील. मात्र उपासमारीने देश सोडून परक्या बंदरांत उतरलेल्या, ‘परत जा’ असे ऐकून घेतलेल्या माणसांच्या नातवंडांनी हे मत दिले, हे विसरता येत नाही.

आज त्या देशातील दर पाच रहिवाशांमागे एक जण देशाबाहेर जन्मलेला आहे. भारतीय नागरिकांची संख्या २०२२ च्या गणनेत ४५ हजारांच्या आसपास होती. इस्पितळांतील परिचारिका, संगणक-अभियंते, विद्यार्थी असा हा समाज. नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनमध्ये स्थलांतरितविरोधी दंगल झाली. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर एकापाठोपाठ एक हल्ले झाले. डब्लिनमधील भारतीय वकिलातीला सावधगिरीची सूचना काढावी लागली आणि तेव्हाचे अध्यक्ष मायकेल हिगिन्स यांना जाहीर निषेध करावा लागला. एका मराठी डॉक्टरच्या मुलाला पंतप्रधान करणारा देशही हाच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पहिली सांगताना दुसरी किंवा दुसरी सांगताना पहिली लपवण्याचे कारण नाही.

परंतु या दप्तराच्या बाबतीत सर्वांत वाईट वागणूक मिळाली ती परक्यांना नव्हे. ती मिळाली स्वतःच्याच देशात जन्मलेल्या, शंभर टक्के आयरिश रक्ताच्या, बहुधा बाप्तिस्माही झालेल्या मुलांना. अविवाहित मातांना आणि त्यांच्या मुलांना ठेवण्यासाठी सरकारच्या पैशाने आणि बहुतांशी जोगिणींच्या देखरेखीखाली चालणारी घरे आयर्लंडमध्ये अनेक दशके होती. तिथली हजारो मुले दत्तक दिली गेली. दोन हजारांवर मुले अमेरिकेला पाठवली गेली. मोठेपणी त्यांनी आपली आई कोण असे विचारले, की फाइल गोपनीय असल्याचे उत्तर मिळे. शिकागोचा माणूस १८२० सालच्या खापरपणजीचे माहेर घरबसल्या काढू शकत होता, त्याच वेळी डब्लिनमधल्या दत्तक स्त्रीला स्वतःच्या जन्मदाखल्याचा हक्क नव्हता. तो हक्क देणारा कायदा झाला २०२२ मध्ये, दप्तरखान्याच्या आगीला शंभर वर्षे पुरी होत असताना. आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून अर्ज घेणे सुरू झाले. तोवर कित्येक आया आणि कित्येक मुलेही गेली होती.

काहींच्या बाबतीत तर कागद आहे, पण तो खोटा आहे. दत्तक घेणाऱ्या जोडप्याचेच नाव जन्मदात्यांच्या रकान्यात थेट घातलेली १२६ प्रकरणे एकाच संस्थेच्या दप्तरात सापडल्याचे सरकारने मे २०१८ मध्ये जाहीर केले. यांपैकी कोणी हौसेने आपला वंशवृक्ष काढला असेल, तर पॅरिशची वही, शिरगणती, ग्रिफिथची मोजणी असे करत तो अचूकपणे भलत्याच घराण्यात पोहोचला असेल.

गॉलवे परगण्यातील ट्यूअम या गावी असेच एक घर १९२५ ते १९६१ या काळात होते. कॅथरिन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक बाईंनी तिथे मेलेल्या मुलांची चौकशी सुरू केली. मृत्यूची सरकारी नोंद असे. दाखल्यांमागून दाखले काढून त्यांनी ७९६ मुलांची नावे जमवली. पण इतकी मुले पुरली कुठे, याची नोंद कोणत्याही दफनभूमीत मिळेना. वंशावळ काढणारा हौशी माणूस जी पद्धत वापरतो, तीच या बाईंनी वापरली: एका वहीतले नाव घ्यायचे आणि ते दुसऱ्या वहीत का नाही, हे विचारत राहायचे. २०१४ मध्ये ही गोष्ट जगभर गेली. मार्च २०१७ मध्ये चौकशी आयोगाने, जुन्या सांडपाण्याच्या व्यवस्थेशी संबंधित भुयारी कप्प्यांत लहान मुलांचे अवशेष मोठ्या प्रमाणावर सापडल्याचे जाहीर केले. आयोगाच्या जानेवारी २०२१ च्या अंतिम अहवालानुसार तपासलेल्या अठरा संस्थांत मिळून सुमारे नऊ हजार मुले मेली होती. पंतप्रधान मिहॉल मार्टिन यांनी संसदेत माफी मागितली. ट्यूअमच्या जागेचे प्रत्यक्ष उत्खनन सुरू व्हायला जुलै २०२५ उजाडला. सापडलेल्या अवशेषांची ओळख पटवण्यासाठी नातलगांच्या जनुकीय नमुन्यांशी ते पडताळून पाहायचे आहेत. अमेरिकेत वाढदिवसाला भेट म्हणून दिली जाणारी ‘आपण किती टक्के आयरिश’ ही चाचणी, तीच इथे वयोवृद्ध भावंडे आपला कधीही न पाहिलेला भाऊ किंवा बहीण ओळखण्यासाठी देत आहेत.

१९२६ च्या शिरगणतीत प्रत्येक संस्थेच्या प्रमुखाला, त्या रविवारच्या रात्री आपल्या छपराखाली असलेल्या प्रत्येक जीवाची नोंद करून देणे बंधनकारक होते. ट्यूअमचे घर त्या रात्री उघडे होते.